पावडरीवरची पावले

माझ्यावर बसणाऱ्या कुणालाही मी पहिल्या दिवशी आवडले नाही, मित्रांनो, आणि आता मला त्याचे वाईटही वाटत नाही. मी एक जुनी खुर्ची आहे, पण दिवाणखान्यात पाहुण्यांसमोर मिरवणारी नव्हे. मी आंघोळीची खुर्ची. ॲल्युमिनियमचे चार पाय, पायांत रबरी बूट, पाणी निथळावे म्हणून बैठकीला भोके आणि टेकायला मागे एक पांढरी फळी, एवढाच माझा संसार. माझ्यावर माणूस कपडे काढून बसतो. कपड्यांबरोबर त्याचा रुबाबही खुंटीवर टांगला जातो. मग तो माझ्याकडे संशयाने बघतो. खरे सांगायचे तर मीही त्याच्याकडे संशयानेच बघते, कारण न्हाणीघरात माणसे फार खोटे बोलतात. पाणी पोळत असले तरी 'ठीक आहे' म्हणतात, आणि कंबर मोडत असली तरी 'माझं मी बघतो' म्हणतात.

माझा जन्म एका लांबट, आवाजी कारखान्यात झाला. नळ्या वाकवणारा एक, भोके पाडणारा दुसरा, आणि शेवटी रबरी बूट चढवणाऱ्या बाई. त्या प्रत्येक बूट चढवल्यावर तळहाताने एक थाप मारत. मग माझ्यावर वाळूची पोती रचून दोन दिवस तसेच ठेवले. मी हूं की चूं केले नाही. तिथून मी सैनिकांच्या इस्पितळात गेले. सहा वर्षे मी जखमी जवानांना आंघोळ घातली. तिथल्या मोठ्या परिचारिका म्हणत, "बाकीच्या खुर्च्या कुरकुरतात, ही मात्र गुणाची आहे." ते ऐकून मी अगदी फुलून जाई. पुढे नव्या, चाकांच्या खुर्च्या आल्या आणि माझी रवानगी कोठारात झाली. तुटक्या कुबड्या आणि एका पायाच्या पलंगाच्या सोबतीने मी तीन वर्षे धूळ खाल्ली. कौतुक करणारी माणसे विसरतात कशी, हे मला तिथे कळले.

एके दिवशी माजी सैनिकांच्या मदत कार्यालयातल्या एक बाई मला गाडीत घालून फौजींच्या घरी घेऊन आल्या.

फौजींना सगळी गल्ली फौजीच म्हणे. वय एकोणऐंशी. सैन्यात असताना ते सुरुंग शोधून निकामी करणाऱ्या तुकडीत होते. चोवीस वर्षे त्यांनी जमिनीवर भरवसा ठेवला नव्हता, आणि निवृत्त झाल्यावरही तो ठेवायचे त्यांना जमले नाही. स्वतःच्या घरातसुद्धा ते काठीने फरशी ठोकून मगच पाऊल टाकत. एका स्फोटात त्यांचा उजवा खांदा निकामी झाला होता आणि डावा पाय ओढत चालावे लागे. पाठ धुणे, पायमोजे चढवणे, नखे कापणे ही सगळी कामे त्यांची बायको करी. चार महिन्यांपूर्वी ती गेली. मुलगी दुसऱ्या गावी नोकरी करत होती. तिने कार्यालयाच्या मागे लागून घरी मदतीची सोय व्हावी म्हणून अर्ज केला होता.

बाईंनी मला न्हाणीघरात ठेवले आणि फॉर्म काढून फौजींना प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"आंघोळ स्वतः करता?"

"स्वतः."

"कपडे घालायला कुणाची मदत लागते?"

"कपडे मी पाचव्या वर्षापासून घालतोय."

"गेल्या वर्षभरात कधी पडलात?"

"पडायला सवड कुणाला आहे?"

बाई हसल्या आणि लिहीत गेल्या. मला मात्र ते ऐकवेना. फौजींच्या कोपराला खरचटलेले ताजे होते, आणि पाठीवर साबणाचा हात पोहोचलाच नव्हता हे त्यांच्या अंगाच्या वासावरून मला कळले होते. पण खुर्चीला कोण विचारतो? सगळे स्वतः करणाऱ्या माणसाला जेवढी मदत मिळते तेवढीच फौजींना मंजूर झाली. आठवड्यातून दोन दिवस, एकेक तास, एक मदतनीस. शिवाय गळ्यात घालायची एक घंटा, बटण दाबले की कार्यालयात वाजणारी. बाई गेल्यावर फौजींनी ती घंटा कानाशी धरून ऐकली, तीन पिशव्यांत गुंडाळली आणि पिठाच्या रिकाम्या डब्यात टाकून वर झाकण घट्ट लावले.

"ऐकत बसा आता," ते डब्याला म्हणाले.

मदतनीस आला तो मंगळवारी. पंचेचाळिशीचा, ठेंगणा, बोलका माणूस. पूर्वी तो एका कापडाच्या दुकानात होता. स्वतःच्या वडिलांचे आजारपण काढता काढता हे काम शिकला आणि यातच राहिला. त्याच्या पिशवीत हातमोजे, नखे कापायची कात्री आणि निळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. फौजींची नजर पहिल्या क्षणीच त्या वहीवर गेली.

"ही कशाला?"

"रोजचं लिहावं लागतं काका. कार्यालयाचा नियम आहे."

"अस्सं," फौजी म्हणाले. त्या दिवसापासून ते त्याला 'हेर' म्हणू लागले, आणि तेही तोंडावर.

पहिली आंघोळ मी जन्मात विसरणार नाही. फौजी बनियन आणि चड्डीसकट माझ्यावर बसले आणि हुकूम सोडला, "तोंड तिकडे करा." मदतनीस भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि खांद्यावरून मागे हात नेत तांब्या देऊ लागला. दोन तांबे फौजींवर, एक स्वतःच्या बुटांत, असा हिशेब चालला होता.

"काका, पाठ राहिली."

"पाठ माझी आहे."

"तुमचीच आहे हो. पण तुम्हाला दिसत नाही, मला दिसते."

"तुम्ही तर भिंतीकडे बघताय!"

"वास येतो काका," मदतनीस भिंतीला म्हणाला.

फौजींनी एका हाताने बनियन वर केला. मदतनिसाने पाठ चोळली, पुसली आणि बाहेर जाऊन वहीत काहीतरी लिहिले. स्वयंपाकघरातून पेनाची कुरकुर ऐकू येत होती. फौजी दाराआड उभे राहून कान देत होते, जणू पेनाच्या आवाजावरून अक्षरे ओळखू येतील.

आठवडे गेले. आंघोळ झाली की मदतनीस मला मागच्या व्हरांड्यात उन्हात ठेवी. एकदा मला उलटी करून त्याने माझा मागचा उजवा पाय निरखला आणि जिभेने च्यक् केले. तिथले रबर झिजून कागदासारखे झाले होते. मी लाजले. माझी उणीव कुणाला दिसावी असे मला वाटत नव्हते, म्हणजे मीही फौजींपेक्षा निराळी नव्हते.

त्याच व्हरांड्यात एके दिवशी मदतनीस दबक्या आवाजात फोनवर बोलला. "हो ताई. नाही, काकांना अजून सांगितलं नाही. आधी मापं घेऊन होऊ देत. सोमवारी माणूस आणतो. ते दवाखान्यात जातील तेव्हा."

माझ्या मनात पाल चुकचुकली. कसली मापे? घराची? 'ताई' म्हणजे फौजींची मुलगी. घर विकून म्हाताऱ्याला कुठल्यातरी निवासात नेऊन ठेवायचा तर बेत नाही ना? आणि हा गोडबोल्या त्यात सामील? सोमवारी मदतनीस ताईंच्या किल्लीने दार उघडून खरोखरच एका टेपवाल्या माणसाला घेऊन आला. उंबरा मोजला, न्हाणीघराच्या भिंती ठोकून पाहिल्या, आणि दोघे निघून गेले. मला तोंड असते तर मी त्याच संध्याकाळी फौजींना सगळे सांगून टाकले असते.

पण फौजींना माझ्या सांगण्याची गरज नव्हती. त्यांच्याकडे स्वतःचे पुरावे होते. घरातल्या वस्तू जागा बदलत होत्या. नोकरीच्या कागदांची फाईल कपाटातून निघून ओट्यावर सापडली. बायकोच्या चष्म्याचे घर उशीखाली आले. पदकांची पेटी तर एकदा सकाळी चक्क माझ्यावर होती; रात्रीच्या अंधारात ती कुणी ठेवली ते मला दिसले नाही. फौजींनी कपाटाच्या दाराला सैन्यातल्या जुन्या युक्तीने एक बारीक धागा चिकटवला. धागा तुटला, तोही मदतनीस न येण्याच्या दिवशी.

"म्हणजे दुसरी किल्ली आहे," फौजी स्वतःशी पुटपुटले.

त्यांनी कुलूप बदलले. आतून कडी लावायला सुरुवात केली. आणि एका बुधवारी संध्याकाळी, कपाटापासून न्हाणीघराच्या दारापर्यंतच्या बोळकांडीत त्यांनी अंगाला लावायची पावडर चाळणीने पसरली. पातळ, एकसारखी. काय कौशल्य होते ते! एकच हात चालत होता, पण काम नीटस. माझ्या जागेवरून मला सगळे दिसत होते, आणि कबूल करते, त्या वेळी मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने होते. सापडू दे चोर, असे मीही म्हणत होते. पण दिवा विझल्यावर मला काहीच दिसेना.

गुरुवारी सकाळी आठ वाजता फौजी उठून भिंतीच्या कडेकडेने आले. पावडरीवर पावले होती. कपाटापर्यंत जाऊन परत आलेली, स्पष्ट.

"सापडलास!" ते आनंदाने ओरडले आणि नीट पाहायला वाकले.

वाकताना उजवा पाय पावडरीवर सटकला. त्यांनी न्हाणीघराच्या दारातून हात लांबवून मला पकडले. मित्रांनो, हाच तो क्षण, ज्यासाठी मला घडवले होते. वाळूच्या पोत्यांखाली मी दोन दिवस उभी राहिले होते. पण झिजलेल्या रबराचा माझा मागचा उजवा पाय ओल्या फरशीवरून घसरला. मी त्यांच्या हातातून निसटले आणि भिंतीवर आदळले. फौजी उंबऱ्यावर आडवे पडले.

ते ओरडले नाहीत. आधी त्यांनी बोटे हलवून पाहिली, मग पाय. मनगट सुजू लागले होते. उठायचा दोनदा प्रयत्न करून ते थांबले. गाल फरशीवर टेकलेला, आणि डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर, ती पावले.

बराच वेळ ते त्या पावलांकडे बघत राहिले. मीही बघत होते. अनवाणी पावले. उजवे पाऊल पूर्ण उमटलेले. डाव्या पावलामागे मात्र एक लांबट रेघ, फरफटत नेल्यासारखी. दरवाजाला आतून कडी होती, आणि बाहेरून कुणी आल्याची खूण नव्हती.

फौजींनी हळूच डावा पाय वळवून तळवा पाहिला. तो पांढरा होता.

त्यांचा चेहरा मी त्या दिवसापर्यंत रागावलेला पाहिला होता, हट्टी पाहिला होता. घाबरलेला पहिल्यांदाच पाहिला. फाईल त्यांनीच हलवली होती. पेटीही त्यांनीच. आणि त्यातले त्यांना काहीएक आठवत नव्हते. शत्रू घरात शिरला होता खरा, पण त्याला कुठल्या दाराने बाहेर काढणार?

दहा वाजता दारावर थाप पडली. मदतनिसाचा दिवस होता.

"काका, मी आलोय. कडी काढा."

"आज नको!" फौजी जमेल तेवढ्या कणखर आवाजात म्हणाले. "मी कामात आहे. मंगळवारी या."

बाहेरची थाप थांबली. मला वाटले, गेला. मग दाराच्या खालच्या फटीतून आवाज आला. मदतनीस बाहेर गुडघ्यांवर बसला होता.

"काका, तुमचा आवाज जमिनीवरून येतोय."

फौजींनी डोळे मिटले.

"कुठे लागलंय?"

"कुठे नाही. जा तुम्ही."

"बरं," मदतनीस म्हणाला. पण तो गेला नाही. घराला वळसा घालून मागच्या व्हरांड्यात आला. तिथल्या दाराला आतून नुसता आकडा होता. त्याने वहीचा निळा पुठ्ठा फाडला, फटीत सरकवला आणि आकडा वर उचलला. अर्ध्या मिनिटात तो बोळकांडीत उभा होता.

"म्हणजे तुला घरात घुसता येतं तर," फौजी पडल्या पडल्या म्हणाले.

"येतं काका. आजवर असा आकडा काढून घुसलो नव्हतो, इतकंच."

त्याने घाईने त्यांना ओढले नाही. आधी टॉवेल पांघरला. कंबर, गुडघे, डोके, सगळीकडे हात लावून विचारले. मग मला आणून त्यांच्यासमोर ठेवले आणि माझ्या दुबळ्या पायामागे स्वतःचा बूट घट्ट रोवला. "आधी कुशीवर. आता गुडघ्यांवर. चांगला हात खुर्चीवर. चांगला पाय पुढे. घाई नाही." फौजींचे सगळे वजन माझ्यावर आले. या वेळी मी हलले नाही. ते उठून माझ्यावर बसले आणि धापा टाकू लागले.

मदतनिसाची नजर पावडरीवर गेली. चाळणी कोपऱ्यात तशीच होती. त्याने पावले पाहिली, फौजींचा पांढरा तळवा पाहिला, आणि सारे त्याच्या ध्यानात आले. तो फरशी पुसायचे फडके शोधू लागला.

"पुसू नको," फौजी म्हणाले. "वहीत काय लिहिणार?"

"जे झालं ते."

"हे लिहिलंस तर मला इथून हलवतील."

"माहीत नाही काका. कदाचित नाही हलवणार. पण लिहिलं नाही आणि उद्या तुम्ही गॅस चालू ठेवून विसरलात, तर मी कुणाला तोंड दाखवू?"

"आणि ती मापं?" फौजींनी एकदम विचारले. "सोमवारी कोण आलं होतं? शेजारणीने पाहिलं. घर विकताय माझं?"

मदतनीस चपापला. "दांडे बसवायची मापं होती. भिंतीला धरायचे दांडे. आणि हा उंबरा काढायचा होता. ताई म्हणाल्या, आधी सांगितलं तर बाबा नाहीच म्हणतील."

"म्हणून मला न विचारता? माझ्याच घरात?"

"चुकलं," मदतनीस म्हणाला. "विचारायला हवं होतं. आमच्या दोघांचंही चुकलं."

त्याने पुठ्ठा गेलेली वही फौजींच्या मांडीवर ठेवली. "वाचा."

फौजींनी डाव्या हाताने पाने उलटली. मी त्यांच्या खालीच होते, त्यामुळे ते पुटपुटत वाचत होते ते मला ऐकू आले. 'पाठ मी धुतली. पाय स्वतः धुतले. पाणी गार होते, चूक माझी. आज रागावले. डाव्या टाचेला भेग, मलम लावले. खुर्चीच्या मागच्या उजव्या पायाचे रबर झिजले आहे, नवे पाठवावे. खुर्चीचे रबर, दुसऱ्यांदा. खुर्चीचे रबर, तिसऱ्यांदा. दोन दिवस पुरत नाहीत. रोज कुणीतरी हवे.' एवढेच होते. गोड शब्द एकही नव्हता, आणि खोटाही नव्हता. मला त्या क्षणी फार शरम वाटली. ज्याला मी कटात सामील समजत होते, तो तीन वेळा माझ्यासाठी रबर मागत होता.

फौजींनी वही मिटली. मग ताठ बसले.

"लिही," ते म्हणाले. "मी सांगतो तसं. गुरुवार. वेळ सकाळी आठ. ठिकाण, न्हाणीघराचा उंबरा. जखम, उजवं मनगट. कारण, स्वतः पसरलेली पावडर." ते थांबले. पेनही थांबले. "पुढे लिही. पावलं माझीच आहेत. मी उठून वस्तू हलवतो आणि मला आठवत नाही. लिहिलंस? आता खाली माझी सही."

मित्रांनो, सुरुंगाच्या शेतातून चालत जाणारे फौजी मी पाहिलेले नाहीत. पण ती सही करताना मी त्यांना पाहिले आहे.

शनिवारी मुलगी आली. बापलेकीचे मोठे भांडण झाले. "मी तुमच्या पाठीमागे काही करणार नाही, बाबा," ती शेवटी म्हणाली, "पण तुम्हीही माझ्यापासून लपवू नका." पुढच्या आठवड्यात कार्यालयातल्या बाई पुन्हा तोच फॉर्म घेऊन आल्या.

"कधी पडलात?"

"गुरुवारी. आणि त्याआधी दोनदा. ते हिलाही माहीत नाही."

मुलीने त्यांचे बँडेज बांधलेले मनगट हळूच हातात घेतले.

या वेळी रोज एक तास मदत मंजूर झाली. दांडे बसले. ते फौजींनी आधी काठीने ठोकून पाहिले, मग सगळ्या वजनाने लोंबकळून पाहिले, मगच बसवणाऱ्याला जाऊ दिले. उंबरा निघाला. मला चार नवे बूट मिळाले. डब्यातली घंटा पिशव्यांतून सुटून गळ्यात आली, पण त्यांच्या अटीवर: फोनवर मुलीशी बोलताना ती उशीखाली ठेवायची. स्मृतिभ्रंशाच्या डॉक्टरांनी औषध दिले आणि स्पष्ट सांगितले की हा आजार बरा होणार नाही, फक्त हळू चालेल.

तो हळूच चालला. फौजी आपल्या घरात अजून तीन वर्षे राहिले. तिसऱ्या वर्षी मात्र मदतनिसाचा चेहरा त्यांच्या मनातून पुसला गेला. रोज सकाळी ते दार किलकिले करून विचारीत, "कोण तुम्ही?"

मदतनीस एकदाही म्हणाला नाही की 'अहो, कालच तर आलो होतो'. तो दाराबाहेर उभा राहून आपण कोण, कशासाठी आलो, हे पहिल्यांदाच सांगत असल्यासारखे सांगे. कधी दोन मिनिटांत काम होई, कधी पाऊण तास लागे, आणि एकदा तर आंघोळ न घालताच त्याला परतावे लागले. त्या दिवशीही तो रागावला नाही. वहीत त्याने लिहिले, 'आज नको म्हणाले.'

फौजी गेल्यावर मला पुन्हा कोठारात आणले आहे. लवकरच कुणीतरी मला घेऊन जाईल, आणि माझ्यावर बसणारा तो नवा माणूस माझ्याकडे संशयाने बघेल. खुशाल बघू दे. तुमच्या घरात असे कुणी असेल, मित्रांनो, तर त्याच्या संशयावर हसू नका आणि त्याच्या पाठीमागे त्याच्या भल्याचे बेतही आखू नका. त्याला धुण्याआधी विचारा, उचलण्याआधी सांगा. त्याने 'नको' म्हटले तर दाराबाहेर थोडा वेळ उभे राहा. आणि 'माझं मी बघतो' असे तो म्हणाला, तर आवाज कुठून येतोय तेवढे मात्र नीट ऐका.